हातवारे कमी, मनगट जास्त: मोशन कंट्रोल नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापूरहून एसटीने सावंतवाडीला चाललो होतो. शेजारी भाचा, वय तेरा. फोन आडवा धरून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होता. फोन डावीकडे कलता केला की गाडी डावीकडे, उजवीकडे केला की उजवीकडे. आजऱ्यापर्यंत सगळं झकास. आंबोलीचा घाट लागला आणि त्याची गाडी पिसाटली. एसटी डावीकडे वळली की गाडी उजव्या कठड्यावर, एसटी उजवीकडे वळली की डाव्या. "मामा, फोन बिघडला."

फोन ठणठणीत होता. त्याच्या हाताचा कल कुठला आणि एसटीच्या वळणाचा हिसका कुठला, हे फोनला वेगळं करता येत नव्हतं, इतकंच. बटण दाबलं की दाबलं, त्यात शंकेला जागा नाही. हालचालीचं तसं नाही. ती यंत्राला कळते, पण ती कशासाठी केली हे कळत नाही. मोशन कंट्रोलची, म्हणजे बटणाऐवजी हालचालीने खेळण्याची, बहुतेक सगळी गंमत आणि बहुतेक सगळा वैताग इथूनच सुरू होतो.

फोनमधला जायरो (वळणं ओळखणारा सेन्सर) चालू करायचा म्हणतात पण कसा, किंवा कन्सोल (टीव्हीवर गेम खेळायचं यंत्र) घेतलाय आणि पडद्यावरचा माणूस आपण न सांगताच हलतोय, अशा अवस्थेत असलेल्यांसाठी पुढचं सगळं. पायऱ्या क्रमानेच घ्या. पहिली कंटाळवाणी वाटेल, पण ती सोडलीत तर तिसरीत अडाल.

पायरी १: यंत्राला काय कळतं ते आधी बघा

फोनमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये हालचाल ओळखणारे दोन मुख्य सेन्सर असतात आणि दुकानदार दोघांनाही "मोशन" म्हणतो. फरक मात्र मोठा आहे.

ॲक्सेलरोमीटरला ओढ आणि धक्का कळतो. पृथ्वीची ओढ कळते म्हणून फोन कुठल्या बाजूला कलला हे तो सांगू शकतो, आणि हाताने झटका दिला तर तोही कळतो. पण दोन्ही एकाच आकड्यात मिसळून येतात. घाटात नेमकं हेच झालं. एसटी डावीकडे वळताना आपण उजवीकडे फेकले जातो, फोनलाही उजवीकडे ओढ लागते, आणि त्याला वाटतं की याने मला उजवीकडे कलवलं.

जायरोस्कोप वळणं मोजतो: किती वेगाने, कुठल्या अक्षाभोवती. मनगट एखादा अंश फिरलं तरी त्याला कळतं, म्हणून नेमबाजीसाठी हाच कामाचा. पण "मी आत्ता कुठे बघतोय" हे जायरो सांगत नाही, फक्त "आत्ता इतका वळलो" एवढंच सांगतो. त्या वळणांची बेरीज गेमला करत बसावी लागते. दर बेरजेत चिमूटभर चूक होते, चुका साठत जातात आणि काही मिनिटांनी नेम आपोआप एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो. वरखालीची चूक ॲक्सेलरोमीटर सावरून घेतो, कारण खाली कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. डावीउजवीची चूक त्याच्याच्याने सावरत नाही. पृथ्वीच्या ओढीला डावंउजवं नसतं. म्हणून अशा बऱ्याच गेममध्ये नेम पुन्हा मध्यावर आणायचं एक बटण ठेवलेलं असतं. ते बटण पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

आपल्या कानातही हीच जोडी आहे. आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका वळणं ओळखतात आणि त्यांच्याशेजारचे दोन छोटे अवयव ओढ आणि कल ओळखतात. डोळे एक सांगतात आणि कान दुसरंच, तेव्हा काहींना गाडी लागते. व्हीआर चष्मा (डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारा) लावून खुर्चीत बसल्याबसल्या गेममध्ये धावलं तर काहींना भोवळ येते, त्यामागेही हीच भानगड. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी व्हीआर विकत घ्यायच्या आधी कुणाचातरी दहा मिनिटं लावून बघावा.

तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा. २००६ च्या नोव्हेंबरात आलेल्या निन्टेंडो कंपनीच्या वी या कन्सोलच्या रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा होता आणि टीव्हीजवळ ठेवायची एक पट्टी मिळायची. तिचं नाव "सेन्सर बार", पण तिच्यात सेन्सर अजिबात नव्हता! दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे, बस्स. रिमोट ते दोन ठिपके बघून स्वतःची दिशा ठरवायचा. पट्टी बिघडली तर लोक टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावून खेळत, आणि ते चालायचंही. उलट दिवाळीत टीव्हीच्या कपाटावर पणत्यांची रांग असली तर रिमोटला नेमके कुठले दोन दिवे धरायचे हे उमजायचं नाही.

तर करायचं काय? फोनमध्ये खराखुरा जायरो आहे का ते तपासा. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये पुष्कळदा तो नसतो. काहींमध्ये "व्हर्च्युअल जायरो" असतो, म्हणजे बाकीच्या सेन्सरांवरून काढलेला अंदाज. तो चालतो, पण उशिरा आणि थरथरत. सेन्सर दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात. त्यात जायरोस्कोपचे तीन आकडे दिसले पाहिजेत. फोन टेबलावर ठेवला की शून्याजवळ थांबले पाहिजेत आणि हातात घेऊन वळवला की लगेच उसळले पाहिजेत. सॅमसंगच्या फोनवर डायलरमध्ये स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की बहुतेक मॉडेलांत तपासणीचा पडदा उघडतो, त्यात सेन्सरचं बटण असतं. जायरो नसेल तर तिसरी पायरी तुमच्यासाठी नाही. युट्यूबवर "जायरो नसलेल्या फोनमध्ये जायरो" अशा व्हिडिओंच्या नादी लागू नका. सॉफ्टवेअर टाकून सुटा भाग उगवत नाही.

पायरी २: गेम तुमच्याकडे काय मागतोय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. हालचाल जिथे "किती" या प्रश्नाचं उत्तर देते तिथे ती उत्तम. "हो की नाही" याचं उत्तर द्यायला लावली की ती बटणाची गरीब नक्कल होते.

नेम जरासा डावीकडे, स्टिअरिंग थोडं उजवीकडे, रॅकेट किती तिरकी: हे सगळं "किती". इथे मनगटाची बरोबरी अंगठ्याला करता येत नाही. पण "तलवार चालवायची तर रिमोट झटका", "उडी मारायची तर कंट्रोलर वर उचला" असलं मागणाऱ्या गेममध्ये झटका हे फक्त एक महागडं बटण असतं. बटण दर वेळी लागतं, झटका दहातून आठ वेळा.

वीचा इतिहास याच दोन टोकांमध्ये झुलत राहिला. सुरुवातीच्या रिमोटमध्ये जायरो नव्हताच, फक्त ॲक्सेलरोमीटर आणि तो कॅमेरा. त्यामुळे टेनिसच्या गेमला तुमचा आख्खा हात दिसायचा नाही, दिसायचा फक्त झटका. पहिल्या आठवड्यात लोक घामाघूम होऊन खेळले. मग एकेकाच्या लक्षात आलं की सोफ्यावर लोळून मनगटाची एक टिचकी मारली तरी तोच फटका बसतो. २००९ मध्ये मोशनप्लस नावाचं जायरोचं ठोकळ्याएवढं जोडकाम आलं आणि तेव्हा कुठे रिमोटला हाताचं वळण कळायला लागलं. २०११ चा झेल्डा मालिकेतला स्कायवर्ड स्वॉर्ड हा गेम तर त्याच्याशिवाय चालायचाच नाही, कारण तलवार कुठल्या दिशेने फिरवली यावर शत्रूचा बचाव ठरायचा. काहींना तो जीव की प्राण, काहींनी दुसऱ्या तासाला सोडला. २०२१ मध्ये तोच गेम स्विच या निन्टेंडोच्या नंतरच्या कन्सोलवर पुन्हा आला तेव्हा कंपनीने बटणं आणि काडीवर (अंगठ्याने फिरवायची ॲनालॉग स्टिक) खेळायचा पर्यायही दिला. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

याच्या उलटचं उदाहरण सोनीच्या प्लेस्टेशन ३ या कन्सोलवरचा लेअर. २००७ चा गेम, ड्रॅगन उडवायचा, आणि तो फक्त कंट्रोलर कलवून. लोक इतके वैतागले की पुढच्या वर्षी कंपनीला अपडेट देऊन साध्या काडीने उडवायची सोय करावी लागली.

मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टने हातातला कंट्रोलरच काढून घेतला. २०१० च्या नोव्हेंबरात आला, पहिल्या साठ दिवसांत ८० लाख खपला. कॅमेरा तुमचं अख्खं शरीर बघायचा; नाचाच्या गेमला अफलातून. पण बाकीच्या बहुतेक गेमना चालायचं कसं, वळायचं कसं, थांबायचं कसं, हे सगळं बटणाशिवाय हवं असतं आणि तिथे त्याची दमछाक व्हायची. शिवाय एकट्याने खेळायलाही सेन्सरपासून साधारण सहा फूट लांब उभं राहावं लागायचं, दोघांना आठ. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये दिवाण, टीपॉय आणि शिवणयंत्र मांडल्यावर आठ फूट मोकळी जागा म्हणजे चैनच. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन कन्सोलबरोबर किनेक्ट सक्तीचा होता आणि किंमत ४९९ डॉलर, तर प्लेस्टेशन ४ ची ३९९. पुढच्याच वर्षी किनेक्टविना एक्सबॉक्स ३९९ ला आला, आणि २०१७ मध्ये किनेक्ट बनवणंच थांबलं.

म्हणून नवा गेम उघडलात की दहा मिनिटं खेळून स्वतःला एवढंच विचारा: मी जास्त हलवलं तर पडद्यावर जास्त होतं का? होत असेल तर शिकण्यात वेळ घाला. काहीही केलं तरी तेच होत असेल तर सेटिंगमध्ये जा आणि बटण शोधा.

पायरी ३: फोनवरचा जायरो

महाराष्ट्रात बहुतेकांची मोशन कंट्रोलशी ओळख वीवर झाली नाही, किनेक्टवरही नाही. ती पबजी मोबाइलवर झाली. २०२० च्या सप्टेंबरात त्यावर बंदी आली, २०२१ च्या जुलैत त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला, मधे तोही काही महिने गायब होता, पण सेन्सीच्या (सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती वळवल्यावर नेम किती हलावा याचा आकडा) चर्चा एक दिवस थांबल्या नाहीत. म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. इतर नेमबाजीच्या गेममध्ये नावं बदलतील, रीत तीच.

जायरोचा खरा फायदा अंगठ्यांना मिळतो. नाहीतर उजव्या अंगठ्याला नेम धरायचा, रिकॉइल (गोळ्या सुटताना वर उसळणारा नेम) खाली ओढायचा, गोळीही मारायची आणि वेळेला उडीही. जायरो चालू केला की रिकॉइल मनगट सांभाळतं. शिवाय एप्रिल-मे महिन्यात बोट काचेवर चिकटतं, अडकतं, मग मुलं अंगठ्याला टाल्कम पावडर लावतात नाहीतर कापडी टोप्या घालतात. काचेवर घासायचं काम कमी झालं की तो त्रासही कमी.

आधी बसायचं कसं ते ठरवा. पाठ टेकलेली, कोपरं मांडीवर किंवा उशीवर टेकलेली, फोन छातीच्या उंचीला. कोपरं हवेत असतील तर श्वासाबरोबर नेम हलेल. कुशीवर लोळून सराव करू नका; आज लोळून, उद्या बसून असं केलंत तर हाताला एक सवय लागणारच नाही. चार्जरची वायर काढा, मनगट वळलं की ती ओढ देते. सरावाच्या दिवसांत तरी चार्ज करून मगच खेळायला बसा.

मग सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटीच्या पानावर जायरोस्कोपचे तीन पर्याय दिसतील: बंद, फक्त स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) उघडल्यावर, आणि कायम चालू. नवशिक्याने मधला घ्यावा. कायम चालू ठेवलात तर पळतानाही नकाशा डुलत राहतो, आणि शेजारून आईने ताट पुढे केलं तरी तुमचा सैनिक आकाशाकडे बघतो. महिनाभराने हात बसला की मग कायम चालूवर जा. मुरलेले खेळाडू बहुतेक तिथेच असतात.

आता आकडे. प्रत्येक स्कोपला वेगळी जायरो सेन्सी असते. नो-स्कोप (दुर्बिणीविना) आणि रेड डॉट (लाल ठिपक्याची साधी दुर्बीण) यांना ३०० ते ४०० टक्के ठेवणारे भरपूर आहेत, आणि त्यांचे कोड गटागटांतून फिरतात. घेऊ नका. त्यांचा फोन वेगळा, पडद्याचा आकार वेगळा, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) वेगळा, मनगट तर वेगळंच. रेड डॉट साधारण मध्यावर ठेवून सुरू करा आणि जसजसा स्कोप मोठा तसतसा आकडा उतरता ठेवा. सहापट, आठपट स्कोपमध्ये मनगटाची थरथरही सहा-आठ पटींनी दिसते, हे विसरू नका.

ट्रेनिंग ग्राउंडवर जा. एम४१६ ही बंदूक घ्या, रेड डॉट लावा, बाकी काही जोडू नका. भिंतीवर एक खूण धरा आणि आख्खं मॅगझिन रिकामं करा. नेम वर चढत जाईल. तो खाली आणायला फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने हळूहळू जमिनीकडे बघतोय असं समजून फोन वळवा. उजवा अंगठा यावेळी काचेवर ठेवूच नका, फायरचं बटण डाव्या बाजूचं वापरा. गोळ्यांचा ठसा लांब उभ्या रेषेत असेल तर सेन्सी वाढवा. खुणेच्या खालीच गोळ्या जात असतील तर कमी करा. एका वेळी एकच आकडा बदला, आणि थोडाथोडाच.

दिशा उलटी वाटत असेल, म्हणजे खाली वळवल्यावर नेम वर जात असेल, तर उलटा करण्याचा पर्याय चुकून चालू झालाय का ते बघा.

मागे कोणीतरी आलं तर? जायरोने वळू नका. नवशिके इथेच चुकतात आणि फोन पाठीमागे नेईपर्यंत मान फिरवतात. मोठं वळण अंगठ्याने, बारीक दुरुस्ती मनगटाने. या एका वाटणीसाठी हा सगळा खटाटोप आहे.

पहिला आठवडा वाईट जाईल. के/डी (किती मारले आणि किती वेळा मेलो याचं गुणोत्तर) घसरेल, पथकातले मित्र टोमणे मारतील. जमल्यास तेवढे दिवस रँकचे सामने खेळू नका. दोन आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटं भिंत आणि लक्ष्यं, मग सामने. आणि रोज सेन्सी बदलू नका, हे मी स्वतः चार महिने रोज बदलून वाया घालवल्यावर सांगतोय.

फोन तापला की जायरो मागे पडतो. खेळणारे याला "जायरो डिले" म्हणतात. मनगट वळलं, आणि नेम क्षणभराने हलला. ग्राफिक्स खाली आणून फ्रेम रेट वर ठेवला तर फरक पडतो. मोशनसाठी देखण्या गवतापेक्षा सलग हलणारं चित्र महत्त्वाचं. जाड कव्हर काढून ठेवा, म्हणजे उष्णता बाहेर पडेल.

आणि घाट. जायरोला एसटीचं वळणही तुमचंच वाटतं. बस डावीकडे वळली की नेम डावीकडे. लोकलमध्ये रूळ बरेचसे सरळ म्हणून थोडंफार चालतं, पण स्टेशनात शिरताना सांधे बदलतात तेव्हा स्कोप उघडून बसू नका.

पायरी ४: कंट्रोलर आणि कन्सोल

इथे कंट्रोलर विकत घेतानाच घोळ होतो. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या कंट्रोलरमध्ये जायरो आहे, स्विचच्या जॉय-कॉन आणि प्रो कंट्रोलरमध्ये आहे, स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रात आहे. एक्सबॉक्स वन आणि सिरीजच्या कंट्रोलरमध्ये नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर "पीएस४ सारखाच" म्हणून जो हजाराच्या आत मिळतो त्यात जायरो असेलच असं नाही. असल्याचं दाखवल्याशिवाय घेऊ नका. स्विच बऱ्याचदा आयात केलेलाच मिळतो, तेव्हा वॉरंटीचं दुकानदार तोंडी काय म्हणतो त्यावर जाऊ नका, लिहून घ्या.

स्विचवर जायरो शिकायला स्प्लॅटूनसारखा गुरू नाही. रंग उडवायचा गेम, जायरो सुरुवातीपासूनच चालू. मुलं तक्रार करतात की कॅमेरा हलतो, आणि पालक लगेच बंद करून देतात. बंद करू नका. तीन दिवस द्या. नेम भरकटला की वाय बटण दाबायचं, कॅमेरा मध्यावर येतो. मारिओ कार्टमध्ये मात्र मी उलटं सांगेन. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये कलवून वळण्याची सोय चुकून चालू राहिली की पाहुण्यांची गाडी सतत एका बाजूला घसरते आणि त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही. गाडी निवडायच्या पडद्यावर प्लस दाबून ती बंद करता येते. लहान मुलांना हवी तर ठेवा, ती आपोआपच अंगासकट वळतात.

कंट्रोलर न हलवता नेम सरकत असेल तर सेटिंगमध्ये मोशन कॅलिब्रेशन आहे. कंट्रोलर सपाट टेबलावर ठेवून करायचं. सोफ्यावर, पलंगावर किंवा मांडीवर नाही. काडी आपोआप सरकत असेल तर तो वेगळा आजार, त्याला वेगळं कॅलिब्रेशन.

पीसीवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून खेळत असाल तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जायरोला माऊससारखं वागवायचा पर्याय आहे. त्याला एक बटण नेमून द्या, म्हणजे एल२ (मागचं डावं बटण) दाबून नेम धरल्यावरच जायरो जागा होईल. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की आपण उचलून परत मध्ये ठेवतो, तसं बटण सोडायचं, मनगट सरळ करायचं, पुन्हा दाबायचं. हे एकदा अंगवळणी पडलं की साध्या काडीने नेम धरणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवण्यासारखं वाटतं. काडी नेम किती वेगाने सरकवायचा तेवढं सांगते. कुठे थांबवायचा ते आपल्याला अंदाजाने सांभाळावं लागतं. म्हणून तर कन्सोलवरच्या नेमबाजीत गेम गुपचूप तुमचा नेम ओढून देत असतो.

पायरी ५: खोली

हात फिरवून खेळायचे गेम असतील तर खेळण्याआधी वर बघा. आपल्याकडे छताला पंखा असतो! परदेशी मार्गदर्शिकांमध्ये टीव्ही, फुलदाणी, कुत्रा सगळ्यांबद्दल लिहिलेलं असतं, पंख्याबद्दल क्वचितच. टेनिसची सर्व्हिस किंवा व्हीआर चष्मा लावून वर मारलेला हात थेट पात्यात जाऊ शकतो, आणि चष्मा लावल्यावर पंखा दिसत नाही. खेळायची जागा पंख्याखालून बाजूला घ्या, नाहीतर पंखा बंद करा आणि घाम येऊ द्या.

मनगटाची दोरी लावा. २००६ च्या डिसेंबरात, वी बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, निन्टेंडोला जवळपास ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली होती, कारण जोरात फिरवल्यावर पातळ दोरी तुटून रिमोट हातातून निसटत होते. माझी आई बोलिंग खेळताना चेंडू सोडायच्या क्षणाला रिमोटच सोडून द्यायची. चूक तिची नव्हती. खऱ्या चेंडूचं तसंच करतात. तीन वेळा दोरीने टीव्ही वाचवला. पण हेही सांगायला हवं की जिने आयुष्यात कधी गेमचा कंट्रोलर हातात धरला नव्हता ती दुसऱ्या दिवशी मला हरवत होती. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत या बोलिंगच्या स्पर्धा भरायच्या. चौदा बटणांचा कंट्रोलर बघून मागे सरणाऱ्याला मोशन कंट्रोल दार उघडून देतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण मी मानतो.

त्याच दाराने काहीजण बाहेरही ढकलले जातात. ज्याचा हात थरथरतो, ज्याला एकच हात चालतो, जो खुर्चीवरून उठू शकत नाही, त्याला सक्तीचं मोशन म्हणजे बंद गेम. घरात असं कोणी असेल तर विकत घेण्याआधी हालचालीशिवाय खेळता येतं का ते बघाच.

शरीराचंही थोडं. २००७ मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पत्र लिहून वीच्या टेनिसने आलेल्या खांदेदुखीला "वीआयटिस" असं नाव दिलं होतं. रुग्ण स्वतः डॉक्टरच. खऱ्या टेनिसमध्ये रॅकेटला चेंडूचा अडथळा असतो, इथे हवेत नुसता हिसका. शिवाय दम लागत नाही म्हणून थांबायचं भान राहत नाही. अर्ध्या तासाने थांबा. व्यायामासाठी रिंग फिट ॲडव्हेंचर घेतलात आणि खालच्या मजल्यावर माणसं राहत असतील तर त्यात आवाज न करता खेळायचा पर्याय आहे, त्यात धावण्याऐवजी गुडघे वाकवून भागतं. सोसायटीच्या सभेत विषय निघायच्या आधी तो चालू करा.

शेवटी, बंद कधी करायचं? प्रवासात. झोपून खेळताना. दुसऱ्याच्या कंट्रोलरवर पाच मिनिटं खेळताना. आणि जिथे गेम फक्त झटका मागतो तिथे कायमचं.

आंबोलीत मी भाच्याच्या फोनवर सेटिंग उघडून "टिल्ट" काढलं आणि पडद्यावरची बटणं लावून दिली. गाडी रस्त्यावर आली. धबधब्यापाशी तो म्हणाला, "आता मजा नाही येत." सावंतवाडीच्या स्टँडवर उतरलो, पिशव्या खाली ठेवल्या, आणि रिक्षा येईपर्यंत त्याने ते परत चालू केलेलं होतं.